मुठीतली नळी

धक्का म्हणावा असा तो धक्काच नव्हता. बसने ब्रेक मारला, माणसं पुढे झुकली, मागे आली, कुणीतरी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बस पुन्हा चालू लागली. मी बसले होते. नवरा माझ्या सीटमागे उभा होता, कारण जागा एकच होती आणि दुसऱ्याला बसवून आपण उभं राहायची त्याला भारी हौस. सीटच्या पाठीवर धरायला जी स्टीलची दांडी असते ती त्याच्या छातीत बसली. तो आवाज मला कानाला नाही, पाठीला कळला. कुणीतरी बंद दार ढकलून बघावं तसा. मी वळून म्हटलं, "अहो, धरून उभं राहता येत नाही का?" तो हसला. हसताना त्याने ओठ मिटून घेतले होते, हे आता आठवतं. तेव्हा दिसलं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच चालतं; एवढा संसार झाला तरी आतलं आणि बाहेरचं कधी एक झालं नाही. "काही नाही गं, जरा लागलं," तो म्हणाला, आणि आमचा स्टॉप येईपर्यंत त्या रस्त्याखालच्या पाण्याच्या लाइनीबद्दल बोलत राहिला. मी नेहमीसारखी अर्धं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. बूट पायात, नाड्या सुटलेल्या. "काय झालं?" "विचार करतोय." "नाड्यांचा?" "वाकावं की वाकू नये, याचा." मी त्याच्या बरगडीवर नुसती बोटं टेकवली तर तोंडातून असा आवाज निघाला की मीच दचकले, बाळंतपणात मी ओरडले नव्हते तसा. मग कसलं ऑफिस आणि कसलं काय. मी जिथे काम करते त्याच हॉस्पिटलमध्ये त्याला नेलं. एक्स-रेत डावीकडच्या तीन बरगड्या मोडलेल्या निघाल्या, आणि त्यांच्यामागे फुफ्फुसावर एक ढगाळ डाग. फुफ्फुसाला मुका मार बसलाय, डॉक्टर म्हणाले. काही दिवस नजरेखाली ठेवू, कारण ही मंडळी सुरुवातीला छान बोलतात, जेवतात, आणि मग एकाएकी बिघडतात. ते हे सगळं एखाद्या नातेवाइकाला सांगावं तसं मला सांगत होते. मी मान डोलवत होते. अहो डॉक्टर, मला काय सांगताय, माझा पगारच त्यावर आहे, असं म्हणायचं होतं, पण मी मान डोलवतच राहिले.

मी या हॉस्पिटलच्या तळघरात बसते. छातीला मार बसलेल्या माणसांच्या रक्तात पुढे काय काय होतं, याचं संशोधन आमच्या साहेबांनी काढलंय आणि ते रक्त तपासणारे हात माझे आणि शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीचे. गोष्ट सोपी आहे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच मार लागलेल्या जागी पिसाळतो आणि पेशींच्या चरबीला चावत सुटतो. बरणीतलं तेल खवट होतं तशी ती चरबी खवट होते, आणि त्या खवटपणाचा कचरा रक्तात उतरतो. तो आम्ही पकडतो. नळीत औषध घालायचं, तोंडावर काचेची एक गोटी ठेवायची म्हणजे वाफ उडून जात नाही, आणि उकळत्या पाण्यात नळ्या उभ्या करायच्या. बाहेर काढल्या की गुलाबी. कचरा जितका जास्त तितका गुलाबी गडद. इतका गोड रंग इतक्या वाईट बातमीला कुणी दिला, देव जाणे. प्रत्येक माणसाच्या तीन नळ्या येतात: आल्या आल्या एक, दुसऱ्या दिवशी एक, आणि मग चार दिवस गेले की तिसरी. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर; रक्त कुणाचं हे आम्हाला कळता कामा नये, कळलं की डोळा फितूर होतो. आणि नळी आली पाहिजे बर्फात. रक्त अंगाबाहेर पडलं तरी गप्प बसत नाही, नळीतही खवट होत राहतं. ऊब लागली, जोरात हललं, तांबड्या पेशी फुटल्या, की आकडा फुगलाच. माणूस धडधाकट आणि नळी मरायला टेकलेली. यावरून मी वॉर्डातल्या सिस्टरांशी, नळ्या खाली आणणाऱ्या वॉर्डबॉय मामांशी, एकदा तर खुद्द साहेबांशी भांडलेय. पेटीतला बर्फ पाणी झालेला दिसला की मी नळी दारातूनच परत पाठवते. मामा लोकांनी माझं नाव बर्फबाई ठेवलंय, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

साहेबांनी नवऱ्याला विचारलं, संशोधनासाठी रक्त द्याल का. तो म्हणाला, "बायकोच्या पोटावर पाय कशाला देऊ? घ्या की." सही करताना मला डोळा मारला. पहिली नळी चष्मेवालीने लावली. मी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून पिपेट धूत बसले, पण स्टँडमधली नवी नळी कुठली हे न दिसायला मी काय आंधळी आहे? फिकट होती. लहान मुलीच्या नखाएवढा गुलाबी. जिवात जीव आला, आणि लगेच दुसरी धास्ती लागली, कारण पहिल्या नळीवर काहीच ठरत नाही. जे काही ठरतं ते दुसरीवर. निदान आमच्या तळघरात तरी तसंच दिसत आलंय. मागे एक नंबर होता. बाई होती की पुरुष, कोण, कुठला, काही माहीत नाही. माझ्यासाठी तो एक नंबर. पहिली नळी फिकट, दुसरी गडद, इतकी गडद की मी ती उजेडाकडे धरून चष्मेवालीला हाक मारली होती, बघ गं, काय रंग आलाय. कौतुकाने हाक मारली होती. मग तिसरीची जागा स्टँडमध्ये रिकामीच राहिली. मी मामांना झापलं, तिसरी नळी कुठाय, तुम्ही लोक वेळेवर आणत नाही. मामांनी एक बोट वर केलं, छताकडे. मला आधी वाटलं, वॉर्डात राहिलीय असं म्हणतायत.

दुसरी नळी घ्यायची वेळ झाली तेव्हा मी वॉर्डातच होते. सिस्टरने हातावर पट्टा बांधला, सुई घातली, नवरा छताकडे बघत होता आणि मी नळीकडे. जांभळ्या टोपणाची नळी काठोकाठ भरली. "पेटी खाली गेलीय," सिस्टर म्हणाली, "मामा येतील इतक्यात." मला तो इतक्यात सोसवेना. "द्या इकडे, मी खालीच चाललेय." तिने भुवया वर केल्या. "बर्फाशिवाय?" "दोन जिने तर उतरायचेत. आणि बर्फबाई कोण, मी की तुम्ही?" ती हसली. नवराही म्हणाला, "जपून ने गं, ओरिजिनल आहे," पण आवाज बारीक होता, नेहमीसारखा वॉर्डभर पसरणारा नव्हता. नळी माझ्या हातात आली. मी आयुष्यात हजारो नळ्या हाताळल्या असतील, पण त्या सगळ्या गार; रक्त म्हणजे गार, हेच माझ्या बोटांना माहीत. ही गरम होती. त्याच्या अंगाइतकी गरम. मी मूठ मिटली आणि ती मूठ एप्रनच्या खिशात घातली.

जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, मी थांबले. मी पायरीवर बसले. एक मिनिटभर बसते, असं म्हणून बसले. लोक वरखाली करत होते, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, आणि मला त्याचा दांडा आठवत होता. नवरा पाणीपुरवठ्यात आहे, गळती शोधतो. एक लोखंडी दांडा रस्त्यावर उभा टेकवायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि जमिनीखाली कुठे पाइप फुटलाय ते ऐकायचं. आता यंत्रं आली, पण तो अजून दांडा घेऊन जातो, यंत्राला कान नसतात म्हणतो. लग्न नवीन असताना एकदा पहाटे मला बरोबर घेऊन गेला होता. सगळ्या दुनियेचे नवरे बायकोला फिरायला नेतात, आणि माझा मला गळती ऐकवायला घेऊन गेला. मी कान लावला, काहीच नाही. "काय ऐकायचं?" तर त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरून जरासं वळवलं आणि म्हणाला, "श्वास धर. ऐकताना आपलाच श्वास आड येतो." मी धरला. मग आलं ते ऐकू, एक बारीक, लांबलचक सूऽऽऽ, कुणी अंधारात दातांमधून हवा ओढावी तसं. अंगावर काटा आला. पायाखालचा रस्ता ठणठणीत कोरडा होता. "वरून कळत नाही," तो आनंदाने म्हणाला, "वरून कधीच काही कळत नाही." ते सगळं आठवत मी किती वेळ बसले ते मला खरंच सांगता येणार नाही. उठले तेव्हा खिशातला हात घामाने ओला झाला होता आणि मूठ उघडताना बोटं दुखली.

खाली येऊन मी सगळं नेहमीसारखं केलं. नळी फिरवायच्या यंत्रात ठेवली, वरचा प्लाझ्मा काढला. तो पिवळा असायला हवा, तांबूस होता. मला तांबूस दिसला. शपथेवर सांगते, दिसला. दुसऱ्या कुणाचा असता तर मी नळी आपटून विचारलं असतं की कुठल्या शहाण्याने आणली. पण मनात आधीच बसलं होतं की आत काहीतरी जळतंय, आणि मनात जे असतं तेच डोळ्यांना दिसतं. औषध घातलं, गोटी ठेवली, पाण्यात उभी केली. गोट्या वाफेने नळ्यांच्या तोंडावर टकटक वाजतात, एरवी तो आवाज मला आवडतो. त्या दिवशी तो थांबावा असं वाटत होतं आणि थांबू नये असंही. बाहेर काढली. गडद. मागच्या त्या नंबरासारखी, किंवा त्याहून गडद. यंत्रात आकडा आला तो पहिल्याच्या दुपटीच्या वर. मी नळी स्टँडला लावली आणि टेबलाची कड धरली. चष्मेवाली सुट्टीवर होती, ते बरंच झालं. मी आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचं मला फार आश्चर्य वाटलं.

मग काय करायचं? साहेबांना सांगावं तर नंबर कुणाचा हे मला माहीत आहे, असं कबूल करावं लागेल. आणि सांगून तरी काय होणार होतं? त्या आकड्यावर औषध नाही. आकडा फक्त आकडा असतो, तो नुसता सांगतो आणि गप्प बसतो. मी वर गेले आणि त्याच्याकडे बघत बसले. आता मला सगळंच दिसायला लागलं. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचा आकडा सकाळपेक्षा उतरला होता. ओठांचा रंग बरा नव्हता. आणि तो बोलत नव्हता! जो माणूस दूधवाल्याशी, लिफ्टशी, बंद पडलेल्या घड्याळाशी बोलतो, तो एकेका शब्दात उत्तरं देत होता. "कसं वाटतंय?" "मस्त." "दुखतंय?" "छे." "काही हवंय?" मान हलवून नाही. डोळे माझ्या चेहऱ्यावर, आणि छाती इतकी कमी हलत होती की मी दोनदा चादरीची घडी मोजपट्टीसारखी धरून बघितली. आतला जाळ, मी म्हणत होते, आतला जाळ पसरतोय, आणि हे कुणाला दिसत नाहीये. लेकीचा फोन आला. "आई, रिपोर्ट काय म्हणतायत?" "चांगले आहेत." "मग तुझा आवाज असा का येतोय?" "रेंज नाही इथे," मी म्हणाले. "मी निघू का?" "कशाला? उगीच सुट्टी वाया." फोन ठेवला आणि वाटलं, ये म्हणायला हवं होतं. मग वाटलं, ये म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं.

तेवढ्यात व्यायाम घेणारी फिजिओवाली आली. उंच, हसरी, दोन्ही बाह्या वर सारलेल्या. "काका, आज खोकायचं ठरलं होतं आपलं." त्याने घशातल्या घशात काहीतरी केलं, मांजराने केलं असतं तेवढं. ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही जरा मनावर घ्या. बरगडी दुखते म्हणून ही माणसं खोकत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत. मग कफ साठतो, आणि साठला की ताप, न्यूमोनिया, सगळं मागून येतं. छातीशी उशी धरायची आणि जोर काढायचा. दुखण्याचं इंजेक्शनसुद्धा नको म्हणतायत हे." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, बाई गं, तू खोकल्याचं काय घेऊन बसलीस! इकडे घर पेटलंय आणि ही दाराला तेल घालायला सांगतेय. ती गेली. उशी खुर्चीवर होती तशी राहिली. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले, तो माझ्या चेहऱ्याकडे.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली कामावर आली. उरलेले प्लाझ्मा फ्रीजरमध्ये ओळीने लावून ठेवायचे असतात, ती ते लावत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून उगीच गोट्या पुसत होते. "अगं ए बर्फबाई," ती म्हणाली, "इकडे ये. हा नंबर बघ. हे काय आहे? सरबत झालंय नुसतं." मी वळले नाही. "सगळ्या पेशी फुटल्यात. हे तू लावलंस? याला आकडा दिलास?" तिचा आवाज चढला, तो माझाच आवाज होता, माझ्याकडूनच उचललेला. "कुणी आणली ही नळी? नाव सांग, आज त्याची खरडपट्टी काढते. उन्हात ठेवली होती की काखेत?" माझ्या हातातली गोटी निसटली आणि फरशीवरून कपाटाखाली गेली. ती किती वेळ घरंगळत होती कोण जाणे. मी म्हणाले, "मी आणली." "पेटीतून?" "मुठीतून." चष्मेवालीने चष्मा काढला. तिला काय ते समजलं. नवरा वर आहे हे तिला ठाऊक होतंच. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली आणि पुढचं तोंडातच ठेवून जीभ चावली. मग दोन्ही खांदे धरून मला स्टुलावर बसवलं.

मला आधी हसू आलं. तो गडद गुलाबी रंग त्याच्या फुफ्फुसाचा नव्हताच. तो माझ्या हाताचा होता. दोन दिवस मी ज्याच्याकडे बघून मरत होते ती माझ्याच मुठीची ऊब होती, माझाच घाम, माझीच दाबून धरलेली बोटं. मी त्याच्या रक्ताला माया लावली आणि ते नासलं. चष्मेवाली पाणी घेऊन आली तेव्हा मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती म्हणत होती, "अगं मग चांगलंच आहे की, आकडा खोटा आहे." साहेबांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उचललं, म्हणाले, "हे सँपल बाद," आणि आकड्यावर आडवी रेघ मारली. काल घ्यायचं रक्त आज घेता येत नाही. दुसऱ्या नळीची जागा आता कायमची रिकामी. जिन्यापर्यंत येताना मला ते कळलं आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. आकडा वाईट नव्हता, पण चांगलाही नव्हता. आकडाच नव्हता. आत काय चाललंय हे सांगायला आता माझ्याकडे काहीही नव्हतं, आणि मी अशी घाबरले, जशी त्या गडद रंगानेही घाबरले नव्हते.

वर जाऊन मी त्याच्या पलंगापाशी बसले. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून डोळे मिटले. वॉर्डात भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी रेडिओ, शेजारच्या खाटेवरचे आजोबा घोरत होते. मग त्या सगळ्याच्या खाली मला त्याचा श्वास ऐकू आला. आत जायचा, अर्ध्यावर अडखळायचा, आणि थांबायचा. थांबायचा म्हणजे कुणीतरी थांबवायचं. आणि त्या थांबण्याच्या मागे एक बारीक खरखर, ओली. वरून कोरडं ठणठणीत. मी डोळे उघडले. "अहो, तुम्ही श्वास धरताय." "नाही गं." "मला सांगू नका. श्वास धरायला मला कुणी शिकवलं?" त्याने मान वळवली. मग खिडकीकडे बघत, तुकड्यातुकड्यांनी म्हणाला, "तू आलीस की धरतो." "का?" "खोकला आला की कळ येते. कळ आली की माझं तोंड वाकडं होतं. ते झालं की तुझ्या चेहऱ्याचा रंग जातो." दम घेतला, अर्धा. "काल तर तू अशी बघत होतीस, जणू मी गेलोच. म्हटलं, नकोच ते खोकणं." "आणि इंजेक्शन?" "त्याने झोप येते. झोपेत खोकलो तर? तू इथेच बसलेली असतेस ना."

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. असा संताप की कानशिलं तापली. दोन दिवस हा माणूस माझ्या चेहऱ्याला भिऊन छातीत कफ साठवत होता, आणि मी तोच चेहरा घेऊन त्याच्या उशाशी ठाण मांडून बसले होते! मी सिस्टरला हाक मारली ती खालपर्यंत गेली असेल. इंजेक्शन द्यायला लावलं, तो नको नको म्हणत असताना. ते भिनायची वाट बघत बसलो. मग खुर्चीवरची उशी घेतली, त्याच्या डाव्या बाजूला दाबून धरली, आणि दुसरा हात पाठीला लावला. "खोका." त्याने मांजराचा आवाज काढला. "हे नाही. आत घ्या आधी. आणखी. आणखी घ्या." त्याने माझ्याकडे बघितलं. मी घाबरलेली होते, माझा चेहरा काय झाला असेल तो झाला असेल, मी तो लपवला नाही. "खोक," मी म्हणाले, "खोक रे, बघतोस काय! मी रडेन नाहीतर ओरडेन, तुला काय करायचंय? तू खोक!" मनातलं अरे वॉर्डभर ऐकू गेलं. त्याचे डोळे मोठे झाले. त्याने श्वास घेतला, या वेळी तळापर्यंत घेतला, माझ्या हाताखाली पाठ रुंदावली, आणि तो खोकला. एकदा, आणि मग थांबता येईना. उशी माझ्या हातात उड्या मारत होती. "मेलोऽऽ गं आईऽऽ!" तो ओरडला, आणि शेजारचे आजोबा दचकून उठून बसले. कागदी रुमालावर विटकरी रंगाचा एक घट्ट गोळा पडला. मी तो बघितला, गुंडाळला, डब्यात टाकला. त्याच्या कपाळावर घाम होता, डोळ्यांतून पाणी, तोंड वाकडं झालेलं, आणि एवढं मोठ्याने ओरडायला छातीभर हवा लागते, ती आत गेलेली मी माझ्या हाताने मोजली होती. "परत," मी म्हणाले.

तो दिवस, रात्र, त्याचा पुढचा दिवस, आम्ही तेच करत होतो. इंजेक्शन, उशी, खोकला, शिवी. कधी फिजिओवाली धरायची उशी, कधी मी. चिमट्याचा आकडा कधी चढला, कधी उतरला. एकदा अंग गरम लागलं तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, मला भीती वाटतेय. तो म्हणाला, "मलाही." मग दोघांना जरा बरं वाटलं, आणि संध्याकाळी अंग निवलं. मी तळघरात कमीच गेले. तिसऱ्या नळीची सकाळ आली तेव्हा मामा वेळेवर हजर होते, पेटी घेऊन, बर्फ काठोकाठ. सिस्टरने नळी भरली आणि सवयीने माझ्याकडे हात केला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्या हातात नको. मामांना द्या." "काय हो बर्फबाई," मामा म्हणाले, "आज आमच्यावर विश्वास?"

थोड्या वेळाने मी खाली गेले. स्टँडमध्ये त्या नंबराच्या तीन जागा. पहिली भरलेली, दुसरी रिकामी, आणि तिसऱ्या जागेत नळी उभी होती, तिच्या अंगावर बर्फाचं पाणी, थेंब ओघळून खाली चाललेले. चष्मेवाली गोटी हातात घेऊन थांबली होती. "लावतेय," ती म्हणाली. "पाणी उकळलंय. रंग बघायला थांबतेस?" मी त्या नळीकडे बघत राहिले. आली होती. कुणी छताकडे बोट केलं नव्हतं. ती आली होती. "तू बघ," मी म्हणाले, "मला सांगू नकोस. त्याची खोकायची वेळ झालीय."

जिन्याच्या त्या वळणापाशी आले आणि वरून ऐकू आलं. कुणीही उशी धरलेली नसताना, कुणीही दम दिलेला नसताना, आधी एक लांब ओढलेला श्वास, मग खोकला, खडबडीत, पोटातून आलेला, आणि त्याच्यामागोमाग एक अशी सणसणीत शिवी की समोरून उतरणारी बाई थबकून माझ्याकडे बघायला लागली. "माझा नवरा आहे," मी तिला म्हणाले, आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.